पिल्लानं खाल्लेली पत्रिका

मल्लेश्वरात रॉकेलच्या रांगेत हयवदनच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. त्यांची शेजारीण विचारत होती,

“अक्का, पिल्लू अजून दिसेल ते चावतंय?”

“नाही गं. क्षमानं चपलांना, खुर्च्यांना, सगळ्याला कडुनिंबाचा रस लावलाय. हुंगतं आणि पळतं.”

“मग एवढ्या वैतागलात कशानं?”

“घड्याळाच्या कारखान्यातल्या मुलाची पत्रिका फस्त केली त्यानं! उद्या जुळवायची होती.”

“तिलाही स्वल्प रस लावायचा!”

“कडांना लावलाय म्हणाली ही. काय गं, लावला होतास ना?”

क्षमानं डबा या हातातून त्या हातात घेतला. “लावलं होतं.”

“जाऊ दे, दुसरी मागवलीय मी.”

क्षमा पुटपुटली, ते फक्त मागच्या हयवदनला ऐकू आलं.

“मागव की. लोणी आहे अजून घरात.”