निशाण उचलणारा माणूस

आमचं घर शिंप्याचं. मूळ गाव कोणतं ते आता कोणालाच धड सांगता येत नाही, पुण्याकडचं म्हणतात, मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवत शिवत आमची माणसं माळव्यात उतरली आणि देवासला राहिली ती राहिलीच. दरबार होता तोवर दरबाराची निशाणं आमच्या ओसरीवर शिवली जात, मग दरबार गेला, सुई राहिली. मी सून होऊन आले तेव्हा मामंजींनी मला पहिली शिकवण दिली ती निशाणाचीच: सूनबाई, काठीपासून लांबची जी कड असते ना, वारा सगळा राग तिच्यावर काढतो, तिथे कापड दुहेरी मुडपायचं आणि तीन टिपा घालायच्या. मी म्हटलं, मामंजी, आता निशाणं शिवून घेतंय कोण? तर ते हसले नि म्हणाले, तुझा नवरा घेईल.

आमचे हे कारखान्यात लेथवर होते आणि लाल पार्टीत होते. घरी आले की अंगाला तापलेल्या लोखंडाचा नि तेलाचा वास यायचा, तो वास मला अत्तरासारखा ओळखीचा झाला. पार्टी म्हणजे काय सांगू तुम्हाला ताई, पिठाच्या गिरणीवरची एक खोली, तिथे बसलं की खालच्या जात्याची घरघर पायांतून पोटापर्यंत चढायची आणि बोलणाऱ्यांच्या भुवयांवर पीठ साचायचं. निशाण साधं, नुसतं लाल, त्यावर चित्र नाही की अक्षर नाही. ते मी शिवलं. आणि पार्टीची एक रीत होती, की साथी गेला की ते निशाण त्याच्या अंगावर घालायचं, अग्नी देण्याआधी मागे उरलेल्यांतल्या सर्वांत जुन्या साथीनं ते उचलायचं, घडी करायची आणि माझ्या घरी आणून द्यायचं. मी रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची, कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवायची. पुढच्याची वेळ येईपर्यंत.

यांचा जिवाचा दोस्त मांगीलाल, धारकडच्या तिरला गावचा, यांच्याच शेजारच्या लेथवर. एकदा तो धावत जिना चढून आला, चपलाही काढल्या नाहीत, म्हणाला, भाभी, समंदर का एक टापू में अपणो राज आयो, मुंडो मीठो कराओ! एवढासा देश, नकाशावर माशी बसली तर झाकला जाईल, ऊस तोडणारी माणसं, आणि तिथे लाल पार्टी निवडून आली. आम्ही इथे कधी नगरपालिकेतही निवडून आलो नव्हतो ताई, पण त्या दिवशी गिरणीवर जिलेबी वाटली. हे रात्रंदिवस त्या बेटाचंच बोलायचे. समुद्र यांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी विचारायचे, तिथल्या उसाला खारट वास येत असेल का गं?

आणि मग त्याच बेटानं आम्हांला तोडलं. तिथल्या पार्टीनं मळ्यांच्या मालकांशी हातमिळवणी करून सरकार टिकवलं म्हणे. हे म्हणाले, गद्दारी. मांगीलाल म्हणाला, भिया, मजबूरी, एकट्यानं कोणाचं निभलंय. हे म्हणाले, तू मालकांचाच. तो म्हणाला, तू तर पोथीचा पंडित. मी चहा घेऊन उभी होते, म्हटलं, अहो, त्या टापूवर तुमचं नाव तरी कोणाला ठाऊक आहे का? कोणी ऐकेना. बोटांवर मोजण्याइतकी माणसं, त्यांच्या दोन पार्ट्या झाल्या, एकाच जिन्यावर दोन पाट्या लागल्या. निशाण मात्र एकच राहिलं, कारण शिवणारी एकच. इकडचा गेला की इकडे, तिकडचा गेला की तिकडे, त्याच कापडाखालून सगळे गेले. दर वेळी धुताना लाल रंग थोडा थोडा पाण्यात उतरायचा.

मग कारखाना बंद झाला, मांगीलाल तिरल्याला परतला, तो यांच्याशी पुन्हा बोलला नाही, हे त्याच्याशी बोलले नाहीत. बेटावरची पार्टी पुढे हरली, असं कोणीतरी सांगितलं. गिरणीवर आता मोबाइलचं दुकान आहे.

यंदा यांच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. यांनी दुसरं काही मागितलं नाही, म्हणाले, ट्रंकेतलं काढून ठेव. मी ट्रंक उघडली तर पाला होता, निशाण नव्हतं. आमची सून इंदूरची, गुणाची पोर, नवरात्रात साफसफाई करताना तिला ते सापडलं, लाल, इतकं जपून घडी केलेलं, आणि आमच्या घरची टेकडीवर देवीला लाल वस्त्र नेण्याची रीत तिला मीच शिकवलेली. आई, मला वाटलं तुम्ही मातारानीसाठीच ठेवलंय, म्हणून चढवून आले, असं म्हणाली आणि रडायला लागली. तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मुलालाही नाही. टेकडीवर गेले, गुडघे धरून पायऱ्या चढले. पुजारी म्हणाला, अम्मा, इतक्या चुनऱ्या येतात, कोणती कुठे गेली कसं सांगू, यातली कोणतीही घेऊन जा. लालच लाल ढीग, उदबत्तीचा नि नारळाच्या पाण्याचा आंबूस वास. तीन टिपांची कड बोटांनी चाचपत बसले. नाही सापडली.

मग बाजारातून कापड आणून नवं शिवायला घेतलं. आणि म्हटलं उचलायला तरी माणूस हवा, जुन्यांतला आता मांगीलालच काय तो उरला असेल, म्हणून तिरल्याला फोन लावला. नातू म्हणाला, दादाजी तो पिछले साल चले गए. मी विचारलं, त्यांच्या अंगावर काय घातलं होतं बाळा? तो म्हणाला, चादर, और क्या.

यांना मी हे सांगणार नव्हते. पण कापड हाती देताच यांनी डोळे मिटून कड चाचपली आणि म्हणाले, हे ते नव्हे. मग विचारलं, मांग्या येतोय? मी सुईत दोरा ओवायला घेतला. बराच वेळ यांचा श्वास जात्यासारखा घरघरत होता. मग म्हणाले, एकही टीप घातली नाहीस अजून? म्हटलं, घालते आज. तर माझा हात धरला नि म्हणाले, कशाला? उचलणारा कोणी नाही, म्हणजे हे माझ्याबरोबरच जळणार, घरी काही धुवायला येणार नाही. कच्चा धागा घाल, पुरे.

तसाच घातला ताई, हातानं, धावदोरा, आमच्या घराण्यात असं निशाण कोणी शिवलं नसेल. यांच्या उशाशी आहे ते, कोऱ्या कापडाचा खळीचा वास येतो त्याला. रिठे भिजत घालायची सवय आहे हाताला, तेवढी आता मोडायची. तुम्ही निघा, उन्हं चढतील. सुखी राहा.