थोरलीची हजेरी

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या लाँड्रीच्या व्यवस्थापक मॅडम, मंचावर विराजमान झालेले इस्पितळाचे मोठे डॉक्टरसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे चक्क स्वतःचे कपडे इस्त्री करून जमलो आहोत त्या आपल्या बाई, सोमवारपासून ज्यांच्या तावडीत आम्ही सापडणार आहोत ते नवे सर, बॉयलरवाले काका, आणि समोर बसलेल्या धुणाऱ्या, वाळवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मॅडम मला म्हणाल्या, "बाईंबद्दल दोन चांगले शब्द बोल." मॅडम, मी इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी बघते. मला आधी डाग दिसतात. तरी प्रयत्न करते.

लाँड्रीत इंग्रजीचा वर्ग कशाला, असं पाहुण्यांना वाटत असेल. डॉक्टरसाहेबांना वाटणार नाही. नवी यंत्रं आली, त्यांच्यावरची बटणं सगळी इंग्रजीत, आणि आम्ही अंदाजपंचे दाबलेल्या एका बटणामुळे डॉक्टरसाहेबांसकट अख्खं इस्पितळ महिनाभर पोपटी कोटात फिरत होतं. हसू नका, साहेब हसले की मग हसा. त्यानंतर या बाईंची नेमणूक झाली. वर्गाला खोली मिळाली ती ड्रायरच्या बरोबर वर. खालून जमीन कोमट लागायची, आणि दिवसभर उभं राहून आलेली माणसं पाच मिनिटांत डुलक्या घ्यायला लागायची.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी तुम्हाला रोजचं बोलायला शिकवणार. जे रोज घडतं, काल घडलं, उद्याही घडेल, तेवढंच. सूर्य उगवतो. बॉयलर तापतो. मी उठते, मी कामाला जाते." बस. झालं-गेलं नाही, पुढचं नाही. आय गेट अप. आय गो टू वर्क. पण स्वतःबद्दल बोलताना माणूस थापा मारतो, हे बाईंनी ओळखलं. बॉयलरवाले काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "आय हेल्प माय वाइफ." काकी इस्त्रीच्या रोलरवर असतात, त्या मागच्या बाकावरून ओरडल्या, "नो, ही डझंट!" काकींचं पहिलं बिनचूक इंग्रजी वाक्य ते. मग बाईंनी जोड्या लावल्या. कामावर जे बरोबर उभे राहतात त्यांची वर्गात जोडी. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा दिवस पाठ करायचा आणि उभं राहून सांगायचा. बाकीच्यांनी इंग्रजीतून प्रश्न विचारायचे. आणि एक पद्धत त्यांनी पाडली. बाईंनी हजेरीचं पुस्तक कधी ठेवलंच नाही, त्या आमच्या कामावरून, नात्यावरून तोंडानेच हाका मारायच्या. जो आला नसेल त्याच्या हाकेला जोडीदाराने उठायचं आणि त्याचा दिवस सांगायचा. तो सांगितला गेला, म्हणजे तो माणूस हजर.

आता माझी जोडी. चादरीच्या टेबलावर माझ्यासमोर कोण? तर माझी सख्खी मोठी जाऊ. बाई आम्हाला थोरली आणि धाकटी म्हणायच्या. बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत, की थोरली आणि धाकटीचा घरात वर्षानुवर्षं अबोला होता! कशावरून, ते विचारू नका. एक डबा होता, तो कुणी कुणाला परत केला नाही, इतपत आठवतं. एका छपराखाली राहायचो, एकाच वाटेने कामाला यायचो, ती पुढे, मी मागे. अहो, ओली चादर दोघींनी चार टोकं धरून झटकायची, मग जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं. हाताला हात लागायचा आणि तोंडं दोन दिशांना. आणि बाईंनी आम्हाला सांगितलं, एकमेकींना विचारा, तुम्ही दिवसभर काय करता!

मी ताठ बसले. तीही बसली. शेवटी तीच म्हणाली, भिंतीकडे बघत, "व्हेन डू यू गेट अप?" मी म्हटलं, बरं आहे, अबोला मराठीतला आहे. इंग्रजीत आमचं भांडण कुठे झालंय? आणि मी उत्तर दिलं.

मंडळी, त्या दिवसापासून आम्ही दोघी जावा घरात इंग्रजीत बोलायला लागलो. "डू यू वाँट टी?" "यस, आय डू." सासूबाईंना वाटलं, आपल्याबद्दल काहीतरी शिजतंय. त्यांनी आमच्या ह्यांना सांगितलं, "त्या दोघी शिव्या शिकून आल्यात." सांगायची गोष्ट अशी, की आम्हाला येतच होतं तेवढं रोजचं. डब्याचा विषय काढायला शब्दच नव्हते. तिला काय आवडतं, तिची कंबर कुठे दुखते, ती चहा गार का पिते, हे सगळं मला इंग्रजीत कळलं. तिला सगळ्यांना वाढेपर्यंत गरम चहा कधी मिळालाच नव्हता, म्हणून. मराठीत मला ते कधी कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

आणि मग जाऊबाई गेल्या. सकाळी चहाचं आधण ठेवलं, सासूबाईंना म्हणाल्या जरा बसते, आणि बसल्या त्या बसल्याच. मराठीत एक अक्षर आमच्यात झालं नाही ते नाहीच.

काही दिवसांनी मी वर्गात आले. घरी बसवत नव्हतं. बाईंनी नेहमीप्रमाणे हाका मारायला सुरुवात केली. बॉयलर. यस. रोलर. यस. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "थोरली." बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या ओठांवर हात ठेवून उभ्या. चूक झाली होती की त्यांनी मुद्दाम मारली हाक, हे मी आजवर विचारलं नाही आणि आजही विचारणार नाही. मला एवढंच कळलं, की मी उठले नाही तर ती गैरहजर पडेल. मी उठले. "शी गेट्स अप ॲट फाइव्ह. शी ओपन्स द टॅप. शी मेक्स टी. शी डझंट ड्रिंक इट हॉट." सगळा दिवस सांगितला. बाई म्हणाल्या, "गुड. सिट डाऊन."

त्या दिवसापासून प्रत्येक वर्गात बाई "थोरली" म्हणतात आणि मी उठते. मॅडम, तुम्हाला हे माहीत नव्हतं. तुमच्या खर्चाने तुम्ही एका बाईला जास्तीचं शिकवत होतात. तिच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. नवीन माणूस चुकून बसला, तर स्वतःच उठतो, जागा गार आहे म्हणतो. कोमट जमिनीच्या त्या खोलीत! चादरी आता मी एकटीच घडी करते, पलीकडची टोकं भिंतीच्या हुकांना अडकवून. आणि खरं सांगते, भर दुपारी, सगळी यंत्रं धडधडत असताना, कधी कधी ती टोकं पलीकडून ताणली जातात. झटकायच्या आधी जशी ती ताणायची, तशी. मी काय करते? मी झटकते. जवळ जाते. टोकाला टोक लावते.

घरीही तेच. पहाटे मागच्या मोरीतला नळ वाजतो. जाऊबाईंची सवय होती, उठल्या की नळ भसाभसा सोडून द्यायचा. किती पाणी वाया जायचं! मी अंथरुणात पडून मनातल्या मनात चरफडायचे. आता तो नळ तसाच वाजतो. आमचे हे म्हणाले, वॉशर गेला असेल. वॉशर बदलला. नळ वाजतो. मी उठून बघायला गेलेली नाही. गेले आणि मोरी कोरडी असली तर?

आता खरी गोष्ट सांगते, तिच्यासाठीच मी माइक मागून घेतला. माझे मोठे दीर, म्हणजे जाऊबाईंचे मालक, आपल्या इस्पितळाच्या फाटकावर असतात. तुम्ही सगळे त्यांना ओळखता, त्यांचा आवाज मात्र कुणी ऐकलेला नसेल. बायको गेल्यावर ते जेवायचेसुद्धा नाहीत. आमच्या ह्यांनी एकदा सांगितलं, "दादा, वर्गात वहिनीचं नाव घेतात." पुढच्या वर्गाला भावजी येऊन मागच्या बाकावर बसले. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण मी उभी राहून "शी" म्हटलं की ते मान वर करायचे. तेवढं त्यांना कळायचं.

ते आले त्या पहिल्याच दिवशी बॉयलरवाले काकांनी प्रश्न विचारला. काकांचा जीव पाण्यात, त्यांना वाफेचा हिशेब ठेवावा लागतो. म्हणाले, "व्हाय डझ शी ओपन द टॅप?" नळ कशाला सोडते? सोपं उत्तर. भांडी घासते. शी वॉशेस. माझ्या जिभेवर तेच होतं. आणि तोंडातून निघालं, "शी सिंग्ज."

ती गाते.

मी माझंच वाक्य ऐकून दचकले. अहो, मी उभ्या जन्मात तिला गुणगुणतानासुद्धा ऐकलं नव्हतं! कुठून आलं ते? नळाच्या आवाजाखाली काही होतं आणि माझ्या कानांनी ते मला न सांगता ठेवून घेतलं होतं? की ते माझं उत्तरच नव्हतं?

घरी जाताना भावजींनी विचारलं, "सिंग म्हणजे काय?" मी सांगितलं. ते थांबले. म्हणाले, "तिला गाणं येत नव्हतं." आणि पुढे निघून गेले.

मंडळी, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी गेलेल्या माणसाच्या दिवसात खोटं घातलं का? जिवंत माणूस निदान ओरडून सांगेल, काकींसारखा. ती कुणाला सांगणार? दर वेळी ठरवते की ते वाक्य गाळायचं, आणि दर वेळी ते येतंच. भावजी मान खाली घालतात. पण वर्ग चुकवत नाहीत.

आणि आता बाई चालल्या. गुडघ्यांनी संप केलाय, लेक बोलावते आहे, जायलाच हवं. नवे सर चांगले आहेत, संगणकावर हजेरी घेणार आहेत असं ऐकते. सर, तुमच्या संगणकात थोरली नसणार, आणि ते योग्यच आहे. तुमच्यावर राग नाही. पण मला भीती वाटते, हे या भरल्या सभेत सांगते. पहाटेच्या नळाची मला कधीच भीती वाटली नाही. सोमवारी तो वाजला नाही तर मी काय करू?

म्हणून अध्यक्षांची परवानगी असेल तर बाईंना एक विनंती. फुलं नंतर घ्या. एकदा हाक मारा. शेवटची.

बाई, रडू नका हो. मारा.

...

ऐकलंत सगळ्यांनी? उठते मी. म्हणजे उभीच आहे. शी गेट्स—

भावजी?

थांबा, जरा वाट द्या त्यांना. काका, माइक तिकडे द्या. नको? बरं. सावकाश बोला, भावजी. आम्ही ऐकतोय.

...

मागे बसलेल्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगते. भावजींनी जाऊबाईंचा दिवस सांगितला. पाचला उठते. नळ सोडते. चहा करते, गरम पीत नाही. सगळा बिनचूक. बाई, तुमचा हा विद्यार्थी न बोलता सगळं शिकला. आणि शेवटी म्हणाले, "शी सिंग्ज. आय लिसन."

ती गाते. मी ऐकतो.

इतकी वर्षं? भावजी, तुम्ही अंथरुणात पडून... आणि तिला कळू दिलं नाहीत? कळलं असतं तर ती थांबली असती म्हणून? आणि मलाही म्हणूनच सांगितलंत, तिला गाणं येत नव्हतं? बरं. बरं. बसा तुम्ही. काकी, त्यांना पाणी द्या.

मला आता फार बोलवणार नाही. बाई, तुम्ही आम्हाला रोजचं तेवढं शिकवलंत, आणि आम्हाला तेवढंच लागत होतं. तुमचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, लेकीच्या घरी चहा गरम मिळो. अध्यक्ष मॅडम, डॉक्टरसाहेब, तुम्ही मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलंत, तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर लहान समजून पोटात घाला.

आणि जाऊबाई, तुम्हीही पोटात घाला हो. डबा माझ्याकडेच आहे.