शकुंतलाबाईचा प्रोसेसर

नाई नाई, वीरेंद्रभाऊ, नवा कम्प्युटर नोका दाखवू मले – तो लाल-निळे लाइट चमकून रायले तो तं बिलकुल नोको, घरात कम्प्युटर ठेवाचा हाय का गणपतीचा मंडप? मी सौंदडवरून हा डब्बा मांडीवर घेऊन आली. एसटीत बाजूची बाई विचारे, "कोंबड्या हायेत का आतमधी?" म्हटलं, हो, उबवाले बसल्या. – आन् गरम होतेच ना तो, तेच तं सांगून रायली. प्रोसेसर बदलाचा का नाई, इतकंच विचाराले आली मी. पोरगा म्हणते, प्रोसेसर बदल. तुमी म्हणता, पुरा डब्बाच बदला. आता न्हाव्याले विचारलं, माझे केस वाढले का, तं तो नाई म्हणन का?

कोणासाठी म्हणजे? विक्कीसाठी. माझा पोरगा, हैदराबादले नोकरीवर हाय. तो आला का गेम खेळते याच्यावर. – कधी येते? दिवाळीले. – हो, दिवाळीले वेळ हाय, मले समजते, पंचांग हाय माझ्या घरी. पण मशीन बंद ठेवली का खराब होते, त्यानंच सांगतलं, आई, मधामधात चालू करत जा. मी चालू करो. आन् चालू केल्यावर मंग काय, आरती करू त्याची? मंग... खेळून पाह्यलं थोडंसं. हसा, हसा. जिंदगीभर रोवणी केली, कंबर गेली, आता बसल्या जागी बंदूक चालवते तं कोणाच्या बापाचं काय जाते? आमच्या गावच्या बायकांले वाटते, मी खोलीचं दार लावून पोथी वाचते. वाचते म्हणून सांगतलंही मी. पुण्यच होते ना त्याईलेही, माझ्याबद्दल चांगला विचार करून.

तं बिमारी ऐका. गेमात खाली उतरली, घरात शिरली, एकटीदुकटी लढली, तोवर मशीन मख्खन. पण शेवटी सारे एका जागी जमा झाले, धूर झाला, गाड्या आल्या, का ही थांबते. थांबते म्हणजे पुरी थांबते – ज्याच्यावर बंदूक धरली तो माणूस हवेत लटकून रायते, मीही लटकून रायते, आन् चित्र हलते तेव्हा मी मेलेली. कोपऱ्यात आकडे येते ना, विक्कीनं लावून देल्ले – प्रोसेसर पुरा शंभरावर टेकला, आन् ग्राफिक कार्ड निम्म्यावर झोपा काढून रायलं. कार्ड पोट्ट्यानं जायच्या आधी नवं टाकलं होतं, प्रोसेसर जुनाच. म्हणजे कसं, राइस मिलमधी मशीन नवी कोरी, आन् वरून धान टाकणारा बुढा बिडी पेटवून बसला. मशीन काय सोलन, त्याचं डोस्कं? – हो ना? मंग बुढाच बदलाचा ना, मिल कायले बदलाची? बोर्ड तोच चालते, याच खाचेत याच्याहून तगडा बसते, विक्कीनं पाह्यलं इंटरनेटवर. – बसते ना? बसते. मान हलवली तुमी, आता फिरू नोका.

उपाय करून पाह्यले हो सारे. धूळ पुसली, गेमची सेटिंग इतकी कमी केली का झाडाले पानंच नाई रायले, सारे झाडं खराट्यासारखे. आमच्या इकडच्या प्रतापगडले गेली तं महादेवाच्या पाया पडली आन् दर्ग्यावरही माथा टेकला, म्हटलं कोणाची रेंज लागन सांगता येत नाई. दोघंही बिचारे म्हणाले असन, बाई, हा आमचा विषय नोहे. मंग तुमच्याकडं आली.

नाई, मेली का गेम संपत नाई पुरा. टीममधला दुसरा येऊन उचलते ना. मी पडली का तो येते. कोठीही असो – पार नदीच्या तिकडं असला तरी येते, गोळ्या खात येते, आपल्याजवळची दवाई मले लावते आन् मंग स्वतः मरते. बावळटच हाय, पहिलेपासून. – कोण म्हणजे? हाय एक. 'बकासुर' नाव हाय त्याचं गेमात. – वळखीचा? वळखीचा हाय ना. विक्कीचा बाप हाय तो, बकाराम.

काऊन, नवरा-बायकोनं खेळू नाई का? आमाले काय माहीत होतं? हा पानठेल्यावर पोट्ट्याईसंग बसून बसून मोबाइलवर शिकला, मी खोलीत कम्प्युटरवर शिकली, आन् घरात कोणी कोणाले सांगतलं नाई – सांगावं कसं, बोलणंच नोहतं आमचं. बंद होतं. रोडाकडची धानाची बांधी त्याले चुलत भावाले, केवलरामले, ठेक्यानं द्याची होती. मी म्हटलं, देऊ नोको, तो मधला धुरा फोडते, पाणी स्वतःच्या बांधीत वळवते. ओसरीवर चार माणसं बसले होते. त्याईच्यासमोर म्हणते कसा, "तुले काय समजते? चाय आन." मी चाय आनला. मोठ्या कपात आनला, साखर जास्त टाकून आनला. कप ठेवला, आन् तोंड बंद केलं. – धुरा फोडला का म्हणता? फोडला ना, पहिल्याच पाण्यात फोडला. पण चुकलो म्हणाले त्याचं तोंड उघडन तं तो बकाराम कायचा! भाजीत मीठ कमी पडलं तं तो म्हशीले सांगे, मी म्हशीले उत्तर देओ. म्हैस इतकी समजदार झाली का सरपंचाले उभी केली तं निवडून येईन.

मंग विक्कीनं हैदराबादवरून दोघांले एका टीममधी टाकलं. पोट्ट्याले माहीत होतं का नाई, देव जाणे. मी हेडफोन लावला आन् आवाज आला, "उजव्या बाजूनं कोण हाय रे?" – हेडफोनातही तोच आवाज, आन् ओसरीवरूनही तोच. मी वळखला. इतक्यात पहाडावरून कोणी गोळी मारली, माझ्या तोंडून निघून गेलं – "झोप! खाली झोप!" आन् तो झोपला. लग्न झाल्यापासून माणसानं पहिल्यांदा माझं ऐकलं, भाऊ, आन् वाचला. तेव्हापासून रोज विचारते, "सांग, कोठी जाऊ? नदीकडून का पहाडाकडून?" मले विचारते! मी म्हणते, नदीकडून, तं नदीकडून जाते. पण गेम बंद का तोंड बंद. मंग पुन्हा आमी आन् म्हैस.

परवा तं कमालच झाली. डब्बा असा तापला, असा तापला, का मशीन अडकली ते हलेच ना. मी खोलीतून ओरडली, "अडकली!" तो मोबाइल टाकून उठला. बोलणं बंद झालं तेव्हापासून त्या खोलीत पाय नोहता ठेवला त्यानं, दारातच उभा रायला थोडा वेळ. हातात सूप, धान पाखडाचं. मंग खाली बसला, डब्ब्याची बाजू उघडली, आन् सुपानं वारा घालाले लागला. वारा घाले आन् कोंडा उडे, साऱ्या पडद्यावर. मी म्हटलं, जोरात. तो म्हणते, हात दुखून रायला. – गेमातलं नोहे हो ते, घरातलं बोलणं. घरातलं. मंग म्हणते, "धुरा बांधाले उद्या माणूस लावू का? तू सांग." मी म्हटलं, लाव.

डोळ्यात काई नाई गेलं. दुकानात धूळ हाय तुमच्या, झाडत जा.

तं मंग, नवा बसवला का अडकणार नाई म्हणता? बिलकुल नाई? तापणारही नाई? – थांबा. पेचकस ठेवा खाली. थांबा म्हणते ना. मंग तो सूप घेऊन कायले येईन? मी पडणारच नाई तं उचलाले कोण येईन? ... राहू द्या. बदलू नोका. चालते हे. जुनं हाय, पण चालते. झाकण लावा, मी जाते, गाडी हाय माझी.

काय? काय म्हणाले तुमी? – "काकू, काकांवर लय जीव हाय तुमचा"? थोबाड पाहा वीरेंद्रभाऊचं. जीव हाय म्हणून मशीन बिमार ठेवू मी? रोज मरू, आन् रोज वाट पाहू, का कधी बकासुर येते? त्या चायनंतर अशीच बसली होती मी ओसरीच्या आत, तोंड बंद करून – कोण आलं? कोणी नाई आलं. नाई, नाई, लावा. प्रोसेसर लावा. लावा म्हणते ना! त्याले यायचं असन तं बिना अडकल्याचा येईन, खोलीले दार हाय, दाराले कुलूप नाई. आन् नाई आला, तं त्याचा मोबाइल कोठी धड हाय? गेमातल्या धुरात तोही लटकते. मंग मी जाईन नदीपार, मी उचलीन त्याले – तेवढी तं फास्ट होईन ना ही?

होईन. मंग पाहत काय बसले? स्क्रू काढा.