दाढ चालू आहे

...आणि हे सगळं उभ्यानं का करायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, मी जन्मभर कारकुनी केली ती बसून, आणि आता बेसा भागातल्या घरात रोज सकाळी फ्रिजसमोर उभं राहायचं, मी, माझी बायको प्रेमिला आणि मुलगा अश्विन, आणि सूनबाई सोनिका विचारणार, "काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय?" तिच्या कंपनीत असंच चालतं म्हणे. कामं चिठ्ठ्यांवर, चिठ्ठ्या फळ्यावर, सगळ्यांना सगळं दिसतं. "आपल्यात काही लपवायचं नाही, बाबा."

फ्रिजवर माझी एकच चिठ्ठी, सोनिकाच्या अक्षरातली, 'दाढ काढणे'. दिवाळीपासून 'चालू'च्या रकान्यात. आमच्या ऑफिसात 'चालू आहे' म्हटलं की माणूस नमस्कार करून निघून जायचा, आणि ही विचारते, "कुठपर्यंत आलंय?" दाढ कुठपर्यंत येणार हो? तोंडातच आहे. लगेच प्रेमिला, "काही चालू नाही वं सोनिका, रात्रभर कण्हून राहिले, मले झोप नाही." घ्या. आपल्यात काही लपवायचं नाही.

परवा गाल सुजला आणि मी बोलून गेलो, "मले भीती वाटते बाप्पा त्या सुईची."

तोच टेबलावरच्या लॅपटॉपमधून आवाज, "काका, माझंपण तसंच आहे." सोनिकाची मीटिंग केव्हाच जोडली गेलेली, आणि हा तिच्या टीममधला ऋषिकेश. "मॅडम, मी रोज 'चालू आहे' सांगतो, पण मला त्या कामातलं काही समजलेलंच नाही. विचारायची भीती वाटत होती." म्हणजे फळ्यावर सगळं दिसत होतं, एवढं सोडून.

त्याला तिथल्या तिथं मदतनीस मिळाले. मलाही मिळाले. घरचे तिघंही माझ्यासोबत दवाखान्यात, थेट आत, खुर्चीभोवती उभे. डॉक्टर म्हणतो, "काका, एवढी माणसं काहून आणली?" अश्विन म्हणाला, "टीम आहे." प्रेमिलानं हात असा दाबून धरला होता की हात दुखतो की दाढ, तेच कळेना. सुई केव्हा लागली, पत्ता नाही.

दाढ निघाली, चिठ्ठी 'झालं'मध्ये जाणार. पण उठता उठता डॉक्टर म्हणाला, "बाजूचीपण काढावी लागेल." एकटा असतो तर ही गोष्ट पोटातच ठेवली असती की नाही? पण आपल्यात काही लपवायचं नाही, आणि ऐकायला अख्खी टीम हजर.

घरी आलो, चपला काढेपर्यंत फ्रिजवर नवी चिठ्ठी. या वेळी अक्षर प्रेमिलाचं.