समितीची मीटिंग

स्कूल बोर्डाच्या, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीला उभी होते तेव्हाचं सांगते. यार, आठवलं की अजून डोकं तापतं! इथे अमेरिकेत आमच्या गावच्या शाळेत सहावीतल्या कितीतरी मुलांना साधे अपूर्णांक जमत नाहीत. प्रचारसभेत मी बोर्डाच्या अध्यक्षांना सरळ विचारलं, "याला जबाबदार कोण?"

ते गोड हसून म्हणाले, "त्यासाठी आम्ही पालकांची समिती नेमलीय. ती दर महिन्याला भेटते."

मी माईक ओढून ओरडले, "त्या समितीत मी आहे! दीड वर्षात एकही मीटिंग झालेली नाही!"

अध्यक्ष नुसते पाणी पीत बसले.

दुसऱ्या दिवशी बोर्डाची ईमेल आली. वाटलं, माफी मागितली असेल. उघडून बघते, तर मला समितीतून काढून टाकलेलं. कारण काय, तर मीटिंगना सतत गैरहजर!