काळूरामचा पोरगा

सोनल : मी कॅमेरा लावत नाहीये, आजा. नुसतं बघतेय, यांचा ओठ किती फाटलाय ते.

भागोजी : मोबाइल खाली ठेव आधी. कालपासून त्याच्यासमोर जो आयला तो मोबाइल उगारूनच आयला.

सोनल : ठेवला. हा बघ, पालथा ठेवला. रघूदादा, मी यांची नात, सोनल. अलिबागला असते. डॉक्टरकडे नेऊ का तुम्हाला? स्कूटी आहे माझी.

रघू : नगं ताई. चौकीतल्या सायबांनी मलम लावून दिलं. आधारकार्ड बगितलं, आमच्या गावाकडं फोन लावला आन् म्हनले, जा, तुज्यावर कायबी न्हाई. चांगला व्हता बिचारा.

भागोजी : तो चांगला. पन त्याच्या आधी नाक्यावर जी जत्रा भरली व्हती तिचा काय? मी भात भरडून येत व्हतो, तर ही गर्दी. मना वाटला, गाडीखाली कोन आयला. आत घुसलो तर हा खाली पडलेला. कोनी अडवीत न्हाय. अडवायला हात मोकला पायजे ना! सगल्यांचे हात वर, शूटिंग चाललेला.

सोनल : पण तू ओळखलंस कसं? तोंडाला तर रंग होता.

भागोजी : रंग कुठला, सगला रगतात मिसललेला. डोले बघितले. हुबेहूब बापाचे. मी वराडलो, अरे सोडा, हा आपल्या काळूरामचा पोरगा! एक जन मना विचारतो, कोन काळूराम? पंचवीस वर्सांचा बाप्या, याच गावचा, आनि विचारतो कोन काळूराम.

रघू : बाबा मधी पडले नसते तर मी काय वाचत नव्हतो, ताई. त्यास्नीबी दोन बसल्या पाठीत.

सोनल : आजा! हे मला फोनवर का नाही सांगितलंस?

भागोजी : काय सांगू? तुज्या चॅनेलला ती पन बातमी करायची हाय?

सोनल : माझं चॅनेल नाही ते. मी तिथे कामाला आहे.

भागोजी : मग तुजे कामाच्या ठिकानी ती बातमी लागलीच कशी?

सोनल : ऐक. कुणीतरी वरच्या खिडकीतून व्हिडिओ काढला. रघूदादा खाकीत, काठी आपटत एका छोट्या मुलीला दरडावतायत, शाळा बुडवलीस, चल ठाण्यावर. एवढाच. पुढचं कापलं. पुढे ती मुलगी खिदळतेय आणि तिची आजी मागून म्हणतेय, न्या हो हवालदार, लय सतावते. मी नंतर त्या आजीला जाऊन भेटले. ती सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली होती यांना द्यायला.

रघू : दिला बी. वर गुळाचा खडा दिला. लई मायाळू म्हातारी.

सोनल : तो कापलेला तुकडा गावाच्या ग्रुपवर गेला. पोलिसाच्या वेशात मुलं पळवणारी टोळी किनाऱ्यावर उतरली म्हणून. तासाभरात आमच्या ऑफिसात. आमच्या एडिटिंगवाल्या ओंकारने त्याला लाल गोल काढला, खाली धडधड म्युझिक टाकलं. मी म्हटलं, थांब, हा बहुरूपी दिसतोय. तर म्हणाला, बहुरूपी म्हणजे?

भागोजी : त्याला बहुरूपी ठाव न्हाय?

सोनल : कुठून माहीत असणार? बिल्डिंगमध्ये वाढलेला मुलगा. मी समजावलं त्याला. तर म्हणतो, काळजी करू नको, शेवटी प्रश्नचिन्ह टाकतो. टोळी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग आपण काही म्हटलंच नाही ना!

भागोजी : म्हंजे मारनाऱ्याने पन चिन्ह बघून मारला असता, तर बरा झाला असता.

सोनल : सरांशी भांडले मी, आजा. काढा म्हटलं. चालतोय तोवर चालू दे, म्हणाले.

भागोजी : तुज्यावर नको ओरडायला मी. पन मना कलत न्हाय, येवढी मानसं येवढा बघतात दिवसभर, मग याला कसा ओलखला न्हाय? आमच्या वेलेला बघायला काय व्हता? मिठागर आनि भात. पन कापनी झाली, भात घरात आयला, का काळूरामची वाट बघायची आमी पोरं. एक दिवस पोस्टमन, एक दिवस डागतर. खोटी सुई घेऊन माज्या चुलत्याच्या मागे पूर्न आळीभर पलायचा. चुलता खरोखर घाबरायचा, त्याला ठाव असून.

रघू : ती सुई बाभळीच्या काट्याची व्हती. म्या बनवून द्यायचो.

भागोजी : आनि एकदा काय जाला, खराच हवालदार आयला गावात. समन्स घेऊन. खेकसला सगल्यांवर, तर लोकं हसायला लागली. म्हनाली, आज काळूराम काय नटलाय! माज्या आयने घरातून सूपभर तांदूल आनला आनि त्याच्या टोपीत वोतला.

सोनल : खऱ्या हवालदाराच्या टोपीत?

भागोजी : मग! तो ओरडतोय, बाई, मी सरकारी मानूस हाय. आय म्हनते, व्हय व्हय, मागच्या साली पन तू येच बोललास!

सोनल : मग?

भागोजी : मग काय, संध्याकाली काळूरामच आयला, तो शंकर बनून. दोघं समोरासमोर. हवालदार बघतच रायला, मग जो हसत सुटला! दोघांनी इथे अंगनात बसून चाय घेतली. शंकर आनि हवालदार, बशीतून फुरके मारतायत.

रघू : बा लई वेळा सांगायचा ही गोष्ट. म्हनायचा, जन्मात तेवढ्या एकाच पोलिसानं माजी इचारपूस केली.

सोनल : रघूदादा, हवालदार झाल्यावर तुम्ही म्हणता तरी काय? मी लहानपणी एकदाच बघितलंय. आठवत नाही.

रघू : आता नगं ताई. ओठ हालत न्हाई.

भागोजी : र्‍हाऊ दे. नको त्रास देऊ.

रघू : ... भागोजीबाबा, हुबं ऱ्हावा. तुमच्यावर तक्रार हाय.

भागोजी : माज्यावर? कसली तक्रार, सायेब?

रघू : तुमी म्हातारं झालात. आन् सरकारला इचारलं न्हाई.

भागोजी : चुकी झाली, सायेब. अर्ज करायचा र्‍हाऊन गेला.

सोनल : आजा, रडतोयस काय?

भागोजी : काळूराम पन असाच बोलायचा ग. आवाज सुदीक तोच.

सोनल : हेच, आजा. हवालदाराची गोष्ट, तांदळाची गोष्ट, जशी आत्ता सांगितलीस तशी परत सांग. मी रेकॉर्ड करते. चॅनेलवर नाही, माझ्या स्वतःच्या अकाउंटवर टाकते. रघूदादा, तुम्ही म्हणाल तर तुमचं नाव घालते, नाहीतर नाही.

रघू : नाव घाला. नाव खोटं न्हाई. तोंड दावू नगा येवढंच. काल लई लोकांनी बगितलंय.

(दुपार. तिघेही ओटीवरच. सोनलचा मोबाइल आता तिच्या हातात.)

भागोजी : बघितला का कोनी?

सोनल : तीनशेवर गेलाय. ओंकारचा चार लाख.

भागोजी : म्हंजे आपला कोनी बघतच न्हाय.

सोनल : बघतायत. एकजण लिहितो, म्हाताऱ्याला किती मिळाले बोलायचे? दुसरा लिहितो, अशांना आसरा देणाऱ्यांनाही आत टाका.

भागोजी : मना आत टाका? कोन हाय तो? त्याच्या बापाला ओलखत असेन मी.

सोनल : फोटोच नाही लावलेला त्याने. थांब, बाकीचं ऐक ना. थळच्या एक बाई लिहितात, आमच्याकडे मास्तर बनून यायचे, माझ्या भावाला बाराचा पाढा विचारायचे, तो घराच्या मागे लपायचा. एकीने लिहिलंय, माझ्या लग्नात आले होते, नवऱ्याला अटक करायला. वऱ्हाडी अक्षता टाकायच्या विसरले.

रघू : बाच असणार. म्या लग्नात कधी गेलो न्हाई. लाजायचो.

सोनल : आणि ही... रघूदादा, दिपाली कोण?

रघू : माजी पोरगी. नगरला नर्सिंगला हाय. का? तिनं बगितलं?

सोनल : हो. तिने खाली लिहिलंय. वाचू?

रघू : नगं.

भागोजी : वाचू दे रं.

रघू : बाबा, तुमास्नी ठाव न्हाई. तिनं हॉस्टेलात सांगितलंय, वडील शेती करत्यात. म्याच सांगितलं व्हतं तिला, तसं सांग म्हनून. आता त्या सगळ्या पोरींनी मला नाक्यावर पडलेला बगितला असंल.

सोनल : बघितलाय. तेच लिहिलंय तिने. ‘कालपासून आमच्या हॉस्टेलमध्ये तो व्हिडिओ फिरतोय. मी गप्प होते. आज या आजोबांचं ऐकलं. तो माणूस टोळीचा नाही. ते माझे वडील आहेत. पहिलीत ते मला इन्स्पेक्टरच्या वेशात शाळेत सोडायला यायचे. सगळी मुलं मला घाबरायची. माझे वडील कुठे आहेत, कुणी सांगेल का? त्यांचा फोन बंद आहे.’

भागोजी : रघू... पानी पी.

रघू : फोन फुटला ना काल. तिला कळवायचं डोक्यातच आलं न्हाई. म्हनलं, कळंल तवा कळंल.

सोनल : मी तिला नंबर पाठवलाय माझा. हे बघा, वाजतोय. घ्या.

रघू : हॅलो... दिपे?... व्हय, म्याच... न्हाई गं, हातपाय शाबूत हायत... ओठाला लागलंय, म्हनून असं येतंय बोलनं... न्हाई, रडत न्हाई... तू कशापायी लिहिलंस तिथं नाव?... कोन काय म्हनलं तुला?... कोन, ती साताऱ्याची? जवळ बसलीय? काय म्हनती ती?... आं?... न्हाई, न्हाई, आता कसं करू, फोनवर व्हय? येडी का खुळी ती... बरं बरं, आल्यावर करतो तिला अटक. जेवलीस का?... आदी जेव. आईला सांग, सांजच्या यष्टीनं निघतो. भिऊन पालावरनं बिऱ्हाड हलवू नगं म्हनावं, म्या आल्यावर बगू. ठेव.

भागोजी : काय बोलली?

रघू : मैत्रीन म्हनती, तुज्या बापाला इकडं घेऊन ये. आमच्या वॉर्डनला अटक करायचीय.

सोनल : मी येईन शूटिंगला.

भागोजी : शूटिंग कसला! सरांशी भांडलीस, तुला नोकरीवरून तर काढला न्हाय ना?

सोनल : सर रागावलेत. सोमवारी बोलावलंय. बघू. काढलं तर काढलं.

भागोजी : रघू, सदरा बसतो का तुला माजा? ती खाकी नको घालून जाऊस.

रघू : ढगळ हाय, पर बरा हाय. बाबा, एक इचारू? पुढल्या साली यावं का नको? पोलीस झालो तर तोतया म्हनत्यात. देव झालो तर आनखी कोन उठंल. सोंग तरी कशाचं आनू?

भागोजी : सोंगाचा मागून बघू. बायकोला घेऊन ये. पोरीला सुट्टी असंल तेवा ये, तिला पन आन. जेवायला या.

रघू : जेवायला?

भागोजी : व्हय. भात घरात आयला का.

रघू : दिपाली मासळी खात न्हाई, बाबा.

भागोजी : मग वालाचा बिरडा करू. वाल आपल्याच शेतातले हायत.