सरावापुरती गोलकीपर

बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक मुलगी गोलकीपरचे ग्लोव्हज मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिची मावशी.

“घेतलं ना गं क्लबमध्ये?”

“फक्त सरावाला, मावशी. त्यांच्या मुलींनी शॉट मारायचे, मी अडवायचे. मॅचला दुसरीच उभी राहणार.”

“ते का म्हणून?”

“मॅच बाहेरगावी असतात. प्रत्येकीनं घरच्या गाडीनं यायचं म्हणे.”

“आपल्याकडे कुठली आलीय गाडी! बरं, आज गोल किती खाल्लेस?”

“एकही नाही. कोच म्हणाले, थोडे सोड, मुलींचा धीर खचतोय.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, पुढचेही अडवले.”

“कशाला जातेस उद्या त्यांच्या दारात?”

“जाणार तर! एक तरी गोल मारून दाखवू देत की, मग बसते घरी.”